फील्डवर हँग, सर्व्हिस सेंटरमध्ये ठणठणीत: उन्हाळ्यात वारंवार येणारा कॅमेऱ्याचा फॉल्ट कसा पकडायचा

एप्रिल लागला की आपल्या नागपुरात फोटोग्राफर लोकांकडून एकच तक्रार ऐकायला येते. सकाळच्या सफारीत कॅमेरा एकदम मस्त चालतो, दुपारच्या सफारीत मधेच हँग होतो, नाहीतर स्क्रीनवर लेन्सचा एरर येतो, नाहीतर बर्स्ट मारला, म्हणजे बटण दाबून धरून सलग पटापट फोटो काढले, की कार्डचा दिवा विझतच नाही, बॅटरी काढून घातली की पुन्हा चालू आणि थोड्या वेळानं पुन्हा तेच. ताडोबा असो, उमरेड-कऱ्हांडला असो की पेंच, सगळीकडे सारखंच, आणि मे महिन्यात लॉनवरची लग्नं करणाऱ्यांचंही तेच सुरू असतं. मग माणूस दहा लाखांच्या वरची प्राइम लेन्स आणि तिच्यासोबतची बॉडी, म्हणजे लेन्स सोडून उरलेला कॅमेरा, पॅक करून कुरिअरनं सर्व्हिसला पाठवतो, ऐन सीझनचे दिवस हातचे जातात, आणि तिकडून कागद येतो की तपासलं, फॉल्ट सापडला नाही. परत जंगलात नेली की दुपारी पुन्हा तोच एरर.

आता यात सर्व्हिसवाला खोटं बोलून राहिला असं नाही. त्याच्या टेबलावर एसी सुरू आहे, कॅमेरा स्वच्छ पुसलेला आहे, त्यानं दहा-वीस फोटो काढले आणि सगळं बरोबर आलं. दवाखान्यात पोहोचेपर्यंत ताप उतरलेला असतो ना, तसंच हे. फॉल्ट वस्तूमध्ये आहे पण तो ठराविक परिस्थितीतच बाहेर येतो, म्हणून जोपर्यंत ती परिस्थिती तुम्ही स्वतः ओळखत नाही तोपर्यंत कितीही वेळा पाठवा, उत्तर तेच येणार. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे की आधी एरर आपल्या मर्जीनं आणता आला पाहिजे, दुरुस्ती त्याच्या नंतर.

आधी उष्णतेचं बघू कारण विदर्भात तीच पहिली संशयित. बहुतेक प्रोफेशनल बॉडींच्या मॅन्युअलमध्ये शेवटच्या पानांवर वापरायचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं, कॅननच्या वन-डीएक्स मार्क थ्रीसारख्या एखाद्या बॉडीला ४५ पर्यंत दिलंय, निकॉन झेड नाइनला खाली उणे १० आहे पण वर ४० च. आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास म्हणजे नेहमीचंच, नवतप्यात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, त्याच्याही वर जातो. शिवाय हे हवेचं तापमान झालं, सावलीतलं. उघड्या जिप्सीत उन्हात ठेवलेली काळी बॉडी हवेपेक्षा कितीतरी जास्त तापते, हात लावला की चटका बसतो, आणि आत सेन्सर आणि प्रोसेसर स्वतःची उष्णता टाकून राहिलेत ती वेगळी. मिररलेसमध्ये, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांत, तर व्ह्यूफाइंडर चालू असेपर्यंत सेन्सर सतत काम करत असतो, वाघ येवो न येवो. २०२० मध्ये कॅननची आर-फाइव्ह आली तेव्हा कंपनीनं स्वतःच सांगितलं होतं की एट-के रेकॉर्डिंग साधारण २० मिनिटं चालेल, आणि तो आकडा २३ अंशाच्या खोलीतला होता. आता ४४ मध्ये काय होईल ते तुम्हीच धरा.

मेनूत एक सेटिंग असते ती कित्येकांनी कधी उघडलेलीच नसते. सोनीत ऑटो पॉवर ऑफ टेम्प नावानं, निकॉनच्या झेड एट आणि झेड नाइनमध्ये आणि कॅननच्या नव्या बॉडीतही याच अर्थाची, तिच्यात स्टँडर्ड आणि हाय असे दोन पर्याय राहतात. स्टँडर्डवर बॉडी लवकर बंद पडते, हायवर जास्त वेळ तग धरते, फक्त मग हातात धरायला ती गरम लागते, ट्रायपॉडवर किंवा बीन बॅगवर असेल तर काही प्रश्न नाही. ही सेटिंग हायवर टाकून जर तुमचं मधेच बंद पडणं थांबलं तर तो फॉल्ट नव्हताच, ती बॉडीची स्वतःची सुरक्षा होती, सर्व्हिसला पाठवायचं कारणच उरलं नाही. सोबत प्री-कॅप्चर बंद ठेवा, कारण ते चालू असलं की शटर अर्धं दाबल्यापासून बॉडी सतत फ्रेम साठवत बसते. व्ह्यूफाइंडरचा रिफ्रेश रेट खाली आणा आणि रानगवा दिसला म्हणून उगाच व्हिडिओ सुरू करून ठेवू नका.

सावली करायला आपला पांढरा दुपट्टा उत्तम आहे, कोरडा. ओला करून कॅमेऱ्यावर टाकणारेही पाहिलेत, तसं नका करू, तापलेल्या बॉडीवर पाणी झिरपलं तर बटणांच्या फटीतून आत जायला वेळ लागत नाही. लेन्सला पांढरी उशीची खोळ घातली तर उन्हापासूनही वाचते आणि मुरमाच्या धुळीपासूनही. कॅननच्या मोठ्या टेली, म्हणजे लांबचं जवळ दाखवणाऱ्या लेन्स, पांढऱ्या असतात त्याचं मूळ कारणही हेच, आतली फ्लोराइटची भिंगं तापमानानं फुगतात म्हणून ऊन परतवायला पांढरा रंग. आणि मोठ्या टेलीची फोकस रिंग अनंताच्या (इन्फिनिटीच्या) खुणेच्या थोडी पुढे फिरते तीसुद्धा त्याचसाठी, गरमीत फोकसची जागा सरकते म्हणून. मॅन्युअल फोकसवर रिंग शेवटपर्यंत फिरवून लांबचा फोटो सॉफ्ट, म्हणजे धूसर, आला म्हणून लेन्स बिघडली असं समजू नका.

आता सॉफ्ट फोटोचाच विषय निघाला तर सगळ्यात जास्त गैरसमज इथेच आहे. दहा वाजून गेले, वाघीण पाणवठ्याच्या पलीकडे बसलेली, सहाशे एमएमवर पन्नास फ्रेम मारल्या आणि घरी येऊन बघतो तर एकही डोळा शार्प नाही. लगेच म्हणतो, ऑटोफोकस गेला, लेन्स बदलून द्या. अरे भाऊ, मधली सगळी हवा उकळून राहिली होती ना! तापलेल्या जमिनीवरून वर उठणारी हवा आणि वरची हवा यांची घनता वेगळी असते, प्रकाश वाकडातिकडा येतो, आणि ते कुठलीही लेन्स दुरुस्त करू शकत नाही, मग ती कितीही लाखांची असो. ओळखायचं कसं, तर न हलणाऱ्या वस्तूचा, समजा एखाद्या बुंध्याचा, मोठा बर्स्ट मारा आणि शंभर टक्क्यांवर एकेक फ्रेम पाहा. ऑटोफोकसचा दोष असेल तर शार्पनेस फ्रेममध्ये कुठेतरी पुढे नाहीतर मागे सापडतो, समोरचं गवत शार्प आणि बुंधा सॉफ्ट असं. हवेचा दोष असेल तर कुठेच शार्प सापडत नाही, बुंध्याची कड नागमोडी दिसते, आणि दर फ्रेमला वेगळी दिसते. मग त्याच लेन्सनं सकाळी सहा वाजता पंधरा-वीस फुटांवरचं काहीतरी काढून बघा, ते कडक शार्प आलं तर लेन्सला हात लावू नका.

यातला एक उपप्रकार फार जणांना माहीत नसतो. एसी गाडीतून लेन्स थंडगार बाहेर काढली आणि लगेच उन्हात धरली, की लेन्सच्या तोंडाशी, विशेषतः लांब हूडच्या आत, थंड आणि गरम हवेची सरमिसळ होते आणि जवळचे फोटोही सॉफ्ट येतात. नागपूरवरून ताडोबाच्या मोहर्ली नाहीतर कोलारा गेटला जाताना कॅमेऱ्याची बॅग एसीच्या झोताखाली ठेवू नका, गेटवर पोहोचायच्या अर्धा तास आधी एसी बंद करा किंवा बॅग मागे डिकीत सावलीला ठेवा, म्हणजे काच बाहेरच्या हवेच्या जवळ आलेली असते. जिप्सीत बसल्यावर शंका आली तर हूड काढून दोन फोटो घ्या, फरक पडला तर कारण सापडलंच.

पण सगळंच हवेवर ढकलू नये हेही तितकंच खरं आहे. २००७ मध्ये कॅननची वन-डी मार्क थ्री आली तेव्हा खेळांचे फोटो काढणारे लोक सांगत होते की कडक उन्हात, गरमीत, ऑटोफोकस दगा देतो, थंड दिवसात बरोबर चालतो. तेव्हाही पुष्कळ जणांना वाटलं की वापरणाऱ्याचीच चूक असेल. शेवटी कंपनीनं मान्य केलं आणि आतल्या सब-मिररची, म्हणजे ऑटोफोकसकडे प्रकाश वळवणाऱ्या छोट्या आरशाची, यंत्रणा दुरुस्त करून दिली. म्हणजे लाखोंच्या फ्लॅगशिप बॉडीतही गरमीतच दिसणारा खरा दोष असू शकतो, आणि तो मान्य झाला कारण लोकांनी कोणत्या हवेत, कोणत्या उन्हात, किती फ्रेम गेल्या हे पुराव्यानं दाखवलं.

म्हणून आता मुद्द्याचं, पुरावा. ताडोबाच्या कोअरमध्ये मोबाइल नेऊ देत नाहीत, तेव्हा शर्टाच्या खिशात छोटी वही आणि पेन ठेवा. एरर आला की बॅटरी ओढायच्या आधी स्क्रीनवर जे शब्द आहेत ते जसेच्या तसे लिहा, "एरर आला" एवढं लिहून काही उपयोग नाही. कॅननमध्ये एरर ०१ म्हणजे बॉडी आणि लेन्सचं बोलणं तुटलं, ०२ म्हणजे कार्डापर्यंत पोहोचता येत नाही, २० म्हणजे यंत्रणेतला बिघाड, ३० म्हणजे शटर, प्रत्येकाची वाट वेगळी आहे. सोबत वेळ, किती वेळ उन्हात होती, कोणती लेन्स, टेलिकन्व्हर्टर (बॉडी आणि लेन्सच्या मधे लावून लेन्सची पोहोच वाढवणारा जोड) लावला होता का, झूम कुठे होता, अॅपर्चर किती, कोणतं कार्ड, कोणती बॅटरी. असं थोडं लिहून झालं की त्यातूनच बरंच काही दिसायला लागतं. एका मित्राचा लेन्सचा एरर होता, बॉडी दोन्ही बदलून पाहिल्या, लेन्स सर्व्हिसवरून "ओके" होऊन आली, आणि वहीतल्या नोंदी पाहिल्या तर प्रत्येक वेळी टेलिकन्व्हर्टर लागलेला होता. तो त्यानं सर्व्हिसला पाठवलाच नव्हता, कोण पाठवतो?

टेलिकन्व्हर्टर म्हणजे एका जोडाच्या जागी दोन जोड आणि कॉन्टॅक्टच्या दोन रांगा जास्त. त्यावर घाम, तेलकट बोट, मुरमाची बारीक लाल धूळ, कशाचाही पातळ थर पुरेसा असतो. बिनधाग्याच्या कापडाला आयसोप्रोपिल अल्कोहोल अगदी थोडं लावून पुसा, थेट थेंब सोडू नका, बॉडीकडचे पिन दाबले जाऊन परत वर येतात का तेही पाहा. खोडरबरनं घासू नका, सोन्याचा मुलामा जातो आणि मग कायमचा त्रास. नंतर लेन्स लावून हलकेच पिळून बघा, माउंटमध्ये खेळ जाणवतो का. जंगलातल्या रस्त्यावर जिप्सीच्या हादऱ्यांनी माउंटचे स्क्रू ढिले होतात, आणि जड टेली बॉडीच्या पट्ट्याला लटकवून फिरणाऱ्यांचे तर लवकर होतात, वजन नेहमी लेन्सच्या पायावर घ्या. ढिला स्क्रू दिसला तर स्वतः अंदाजानं आवळू नका, माउंट तिरका बसला की एका बाजूचा फोकस जातो.

कॉन्टॅक्ट स्वच्छ आहेत तरी एरर येतो तर दोन साध्या चाचण्या आहेत. अॅपर्चर पूर्ण उघडं ठेवून शंभर एक फ्रेम काढा, मग ते बारीक करून एफ इलेव्हनवर तेवढेच काढा. फक्त अॅपर्चर बारीक केल्यावर एरर येत असेल तर अॅपर्चरचा युनिट किंवा त्याची पट्टीसारखी फ्लेक्स केबल संशयित. झूम लेन्स असेल तर झूम एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत फोटो घ्या, ठराविक ठिकाणीच एरर येत असेल तर आतली फ्लेक्स केबल वाकून वाकून चिरलेली असते आणि त्याच जागेवर तिचा संपर्क सुटतो. एवढं कागदावर लिहून दिलं की सर्व्हिसवाल्याला नेमकं कुठं पाहायचं ते कळतं.

कार्डाचं वेगळं प्रकरण आहे. सीएफएक्सप्रेस कार्ड, म्हणजे नव्या बॉडींतलं वेगवान मेमरी कार्ड, मोठ्या बर्स्टमध्ये जाम तापतं आणि तापलं की स्वतःच वेग कमी करतं, बफर, म्हणजे कार्डावर जायच्या आधी फोटो थांबतात ती बॉडीतली मेमरी, रिकामा व्हायला वेळ लागतो, दिवा पेटलेलाच राहतो, आणि वाघ समोरून चालला म्हणून घाबरून माणूस बॅटरी काढतो. बॉडी हँग झालेली नसते, लिहीत असते, आणि बॅटरी काढल्यानं कार्डाची फाइल सिस्टिम खराब होते, मग पुढचा एरर खराच कार्डाचा येतो. दिवा पेटलेला असेपर्यंत हात लावायचा नाही, थांबायचं. पाकिटावरचा मोठा आकडा कमाल वेगाचा असतो, तो बघून कार्ड घेऊ नका, सलग किती लिहितं ते बघा, व्हीपीजी ४०० लिहिलंय म्हणजे सेकंदाला किमान ४०० एमबी, एसडीवर व्ही ९० म्हणजे किमान ९०. एका स्लॉटमध्ये सीएफएक्सप्रेस आणि दुसऱ्यात एसडी ठेवून दोन्हीवर एकच फोटो लिहायला लावला तर वेग एसडीचाच मिळणार, हे लग्नवाल्यांनी लक्षात ठेवा, बॅकअप ठेवाच पण बर्स्टची अपेक्षा तशी ठेवा. यूएचएस-टू एसडीला मागे कॉन्टॅक्टची दुसरी रांग असते, ती मळली तर कार्ड मुकाट्यानं जुन्या वेगावर चालतं, एरर काहीच येत नाही, फक्त सगळं हळू होतं. आणि एसडीच्या बाजूची ती लॉकची पट्टी ढिली झाली की कार्ड घालताना खाली सरकते आणि "कार्ड लॉक आहे" येतं, तिला चिकटपट्टी लावत बसण्यापेक्षा कार्ड बदला.

बॅटरीबद्दल थोडक्यात. कंपनीची नसलेली बॅटरी उन्हाळ्यात सगळ्यात आधी बाजूला काढून चाचणी करा. नवीन बॉडी जुन्या बॅटरीवर चालते पण काही गोष्टी बंद ठेवते, कॅनन आर-फाइव्ह मार्क टूला एलपी-ई-सिक्स-पी लागते, जुनी घातली तर सगळी फीचर मिळत नाहीत आणि लोकांना वाटतं बॉडीच खराब आली. जिप्सीत उन्हात चार्जिंग करू नका, ४० च्या वर चार्जर चार्ज करायला नाकारतो किंवा अर्धवट करतो, रात्री खोलीत करा.

खोली म्हटलं की कूलर आला. आपल्याकडे मे-जूनमध्ये घरोघरी डेझर्ट कूलर, आणि कूलरची हवा थंड असते तशी दमटही असते. त्या खोलीत कपाटात रात्रंदिवस ठेवलेल्या लेन्समध्ये बुरशी धरते, बाहेर कोरडं ऊन असलं तरी. कूलरच्या खोलीत कॅमेरा ठेवायचा तर ड्राय कॅबिनेटमध्ये, ४० ते ५० टक्के आर्द्रतेवर. पावसाळ्यात मारबतीच्या मिरवणुकीचे फोटो काढायला नागपुरातल्या महालात-इतवारीत जाता तेव्हा एसी खोलीतून थेट बाहेर नेली की काचेवर आणि आतही बाष्प धरतं, बॅगची चेन न उघडता अर्धा-पाऊण तास बाहेरच्या हवेत राहू द्या.

आता ही परिस्थिती घरी आणायची कशी. मे महिन्यात घराची गच्ची आहेच. दुपारी दोन-तीनला गच्चीवर सावलीत टेबल मांडा, जंगलात असतात त्याच सेटिंग, तीच लेन्स, तोच टेलिकन्व्हर्टर, तेच कार्ड, लेन्सचं तोंड सूर्याकडे चुकूनही नको, नाहीतर सेन्सर नाहीतर शटर जळेल. अर्धा तास चालू ठेवून तापू द्या आणि मग बर्स्ट मारत राहा. एरर आला की एकच वस्तू बदला. एकच! कार्ड, बॅटरी, लेन्स आणि फर्मवेअर असं सगळं एकदम बदललं आणि एरर गेला तर काय कळलं? काहीच नाही. टेलिकन्व्हर्टर काढून पाहा, नाही गेला तर परत लावून कार्ड बदला, मग बॅटरी, मग मित्राची बॉडी, मग मित्राची लेन्स. एरर ज्याच्या मागे जातो तो गुन्हेगार. गच्चीवर मोबाइल आहे तेव्हा स्क्रीनवर एरर आलेला व्हिडिओ काढा, मागे थर्मामीटर दिसेल असा.

सर्व्हिसला पाठवताना फक्त संशयित वस्तू पाठवू नका, ज्या जोडीवर एरर येतो ती पूर्ण जोडी पाठवा, बॉडी, लेन्स, टेलिकन्व्हर्टर, तेच कार्ड. चिठ्ठीत लिहा की थंड खोलीत येत नाही, गरम करून तपासा, एवढ्या वेळानं, एवढ्या फ्रेमनंतर, या सेटिंगवर येतो. सिरियल नंबर आणि फर्मवेअरचा आकडाही लिहा. आणि जॉब कार्डवर तुमची तक्रार तुमच्याच शब्दांत उतरवली का ते वाचूनच सही करा. तिथं नुसतं "चेकअप" लिहिलेलं असेल तर नुसतं चेकअपच होणार. वॉरंटी संपत आली असेल तर सीझनभर वाट बघू नका, एकदा जॉब कार्डवर तारखेसकट तक्रार चढली की पुढे तोच फॉल्ट पुन्हा आला तर तुमच्याजवळ कागद असतो.

दोन बाबतीत मात्र ट्रायल करत बसू नका. शटरचा आवाज बदलला, फ्रेममध्ये काळा पट्टा यायला लागला, शटरचा एरर वारंवार आला, तर तिथंच थांबवा, तुटलेलं पातं सेन्सरवर घासलं तर खर्च कैक पटीनं वाढतो. त्या दिवसाची सफारी करायचीच असेल आणि बॉडी देत असेल तर इलेक्ट्रॉनिक शटरवर काढा. आणि बॅटरी फुगलेली दिसली, खोबणीतून नेहमीसारखी सरकत नसेल, तर ती चिमट्यानं ओढू नका आणि बाहेर निघालीच तर पुन्हा चार्जरला लावू नका, बॉडी बंद करून सावलीत ठेवा आणि तशीच सर्व्हिसवाल्याच्या हातात द्या.